नाव गुप्त ठेवण्याबाबत

शाळेत मुले एकमेकांना चिडवतात ही गोष्ट फार जुनी आहे. त्याबद्दल कोर्टात दावा लावता येतो ही गोष्ट मात्र नवी. शहरात ही नवी गोष्ट सर्वांत आधी ज्यांच्या ध्यानात आली ते वकीलसाहेब झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसत. त्याआधी ते घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणे चालवीत. पण त्या भांडणांत दोन्ही बाजूंची माणसे म्हातारी होऊन मरत आणि निकाल ऐकायला कोणी उरत नसे. मुलांचे तसे नव्हते. मुले भरपूर होती, चिडवणे भरपूर होते, आणि पक्षकाराच्या अंगी कित्येक वर्षे तारखांना हजर राहण्याची ताकद होती. वकीलसाहेबांनी पाटी बदलून घेतली : ‘विद्यार्थी छळविषयक दावे’. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्यांना मुळीच मंजूर नव्हती. शहाणे चढलेच नाहीत तर वर नुसते वकीलच उरतील, असे ते म्हणत.

एका दुपारी चष्म्याच्या दुकानाचे मालक आपल्या मुलीला घेऊन जिना चढून आले. मुलगी सातवीतली. चष्मेवाल्यांनी बसता बसताच सांगून टाकले, की वर्गातल्या पोरींनी हिला एक नाव पाडले आहे, दिवसभर त्या नावाने चिडवतात, आणि हिने आधी डबा खाणे, मग हात वर करणे आणि आता बोलणे सोडले आहे.

“काय नाव पाडलंय?” वकीलसाहेबांनी पेनाचे टोपण काढले.

“तेच तर सांगत नाही. मला नाही, आईलाही नाही.”

“बाळ, डॉक्टरपासून आणि वकिलापासून काही लपवायचं नसतं.”

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत तिने विचारले, “तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?”

“ब्र काढणार नाही. वकिलाचा शब्द आहे.”

“मला बाकी काही नको, वकीलकाका. त्यांना शिक्षापण नको. फक्त ते नाव कुणाच्या तोंडी नको.”

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्या कानात तिने ते नाव सांगितले. वकीलसाहेबांचा चेहरा गंभीर होता. तो तसाच राहावा म्हणून त्यांना न पडलेले पेन शोधायला टेबलाखाली जावे लागले, आणि तिथे ते जरुरीपेक्षा जास्त वेळ राहिले. टेबलाखालून खोकल्याचा आवाज आला. मुलीला तो खोकला ओळखीचा होता. वर्गात बाईसुद्धा तोंडाला पदर लावून असेच खोकल्या होत्या.

वकीलसाहेबांनी दिलेला शब्द पाळला. त्यांनी ते नाव कुणालाही सांगितले नाही. संध्याकाळी बायकोला तेवढे सांगितले, पण बायको म्हणजे काही ‘कुणी’ नव्हे.

दाव्याचा मसुदा त्यांनी मोठ्या काळजीने केला. ‘वादीस तिच्या सहाध्यायिनी एका विशिष्ट नावाने संबोधतात’ एवढेच त्यात लिहिले. कोर्टाच्या कार्यालयाने तो त्रुटी काढून परत पाठवला. विशिष्ट म्हणजे कोणते? दावा मोघम आहे. प्रतिवादी शाळेने उत्तर द्यायचे ते नक्की कोणत्या नावाला? आक्षेप बिनतोड होता, त्यामुळे वकीलसाहेबांना तो आवडला. नाव दाव्यात घालावे लागले. त्यांच्या टायपिस्टने आजवर खून, फारकती आणि सख्ख्या भावांची एकमेकांवरची प्रतिज्ञापत्रे चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता टाइप केली होती. या वेळी त्याची बोटे थांबली.

“साहेब, हे असंच टाइप करू?”

“असंच.”

“नाही म्हणजे, दोनदा आलंय.”

“जितक्यांदा आलंय तितक्यांदा करा.”

टायपिस्ट पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला आणि खाली झेरॉक्सवाल्याकडे बराच वेळ पाणी पीत राहिला.

दुसरी त्रुटी अधिक नाजूक होती. वादी अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असल्याने तिचे खरे नाव कोणत्याही कागदावर येता कामा नये, असा नियम होता. मुलांच्या भल्याचा नियम. त्याला नाही कोण म्हणणार? वकीलसाहेबांनी कारकुनाला विचारले, “मग वादीच्या रकान्यात लिहू काय?”

“काहीही लिहा साहेब. पण वादी ओळखू आली पाहिजे.”

“काहीही कसं लिहिणार?”

कारकुनाने अर्ज चाळला, मधल्या पानावर थांबला, तोंडावर हात ठेवला आणि मग हात काढून म्हणाला, “हे आहे की! खरं नाव नाही, आणि ओळखू पण येते.”

वकीलसाहेबांनी कायदा सर्व बाजूंनी तपासून पाहिला. त्यात खोट निघेना. मुलीचे खरे नाव पाकिटात घालून, पाकिटाला लाख लावून ते कोर्टाच्या लोखंडी कपाटात ठेवण्यात आले. बाहेर फलकावर दाव्याचे शीर्षक लागले, ते तिच्या दुसऱ्या नावाने.

पहिल्या तारखेला पट्टेवाल्याने व्हरांड्यात उभे राहून पुकारा केला. पट्टेवाल्याचा आवाज खणखणीत होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. एरवी तो दोनदा पुकारत असे. त्या दिवशी त्याने तीनदा पुकारले. भिंतीला टेकून पेंगणारे जुने पक्षकार जागे झाले. फारकतीसाठी आलेल्या एका जोडप्याने कित्येक महिन्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते एकदम हसले. चष्मेवाले मुलीचा हात धरून या सगळ्यांमधून आत आले.

“वकीलसाहेब, अहो, हे सगळं चव्हाट्यावर आलं की! झाकली मूठ तरी होती.”

“चव्हाट्यावर काय आलं? तिचं खरं नाव कुणाला कळलं का?”

“ते नाही कळलं.”

“मग झालं तर!”

शाळेच्या वकीलबाई अनुभवी होत्या. त्यांचे म्हणणे असे, की हे नाव मुळात लाडाचे आहे. सगळे कसे म्हणता त्यावर असते. ते किती लाडाने म्हणता येते, हे त्यांनी कोर्टाला म्हणून दाखवले. उत्तरादाखल वकीलसाहेबांनी ते किती झोंबेल असे म्हणता येते, हे दाखवले. वकीलबाईंनी पुन्हा दाखवले. ही कायदेशीर चर्चा जेवणाच्या सुटीपर्यंत चालली. शेवटी न्यायाधीश म्हणाले, की दोन्ही विद्वान वकिलांचा उच्चार उत्तम आहे, पण ऐकीव आहे. मूळ उच्चार वादीच सांगू शकेल.

मुलगी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. कठडा तिच्या हनुवटीपर्यंत येत होता.

“घाबरू नकोस हं,” न्यायाधीश खरोखरच मायेने म्हणाले. “त्या मुली कसं म्हणायच्या, तेवढं म्हणून दाखव.”

मुलीने वकीलसाहेबांकडे पाहिले. त्यांनी मान हलवून धीर दिला. तिने ते नाव उच्चारले.

“जरा मोठ्यांदा. नोंद करायची आहे.”

तिने मोठ्यांदा उच्चारले. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना खडसावले आणि स्वतः पाण्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ खाली ठेवला नाही. नोंद झाली, ‘वादीने सदर नाव स्वखुशीने व स्पष्ट उच्चारले.’ वकीलसाहेबांना एक क्षणभर कसेसेच झाले. पण साक्ष भक्कम झाली होती, आणि भक्कम साक्षीपुढे कसेसे होणे टिकत नाही.

दावा ते जिंकले. शाळेच्या आवारात सदर नाव कोणीही उच्चारू नये, याची शाळेने सर्वतोपरी खबरदारी घ्यावी, असा हुकूम झाला. मुख्याध्यापिका कोर्टाचा हुकूम अक्षरशः पाळणाऱ्या होत्या. नाव उच्चारू नये हे खरे, पण कोणते, हे सांगितल्याशिवाय मुलांनी ते टाळायचे कसे? म्हणून ते नाव ठळक अक्षरांत फाटकाजवळ लागले. पालकांच्या फोनवर गेले. तेवढ्यावर न थांबता मुख्याध्यापिकांनी रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर एक प्रतिज्ञा सुरू केली. सगळी शाळा उजवा हात पुढे करून एका सुरात म्हणू लागली, “मी कुणालाही ———— म्हणणार नाही!”

पहिलीच्या मुलांना त्या प्रतिज्ञेत ठेका सापडला. राष्ट्रगीताला पेंगणारी पोरे प्रतिज्ञेला टाचा उंचावून ओरडत. घरी जाऊन त्यांनी ती आजी-आजोबांना शिकवली. ज्या चार पोरींनी हे नाव पाडले होते त्यांना आता त्याचा कंटाळा आला. त्यांनी ते सोडून दिले. एवढ्या लोकांच्या तोंडी असलेल्या नावात त्यांना काही मजा राहिली नाही.

चष्मेवाल्यांनी मुलीला दुसऱ्या शाळेत घातले. पहिल्याच दिवशी नव्या बाईंनी तिला जवळ घेतले, पाठीवर हात ठेवला आणि वर्गाला बजावले, “मुलांनो, हिला कुणी ———— म्हणायचं नाही हं. कायद्यानं बंदी आहे.” बाई मनाने फार चांगल्या होत्या.

इकडे वकीलसाहेबांचे दिवस पालटले. त्यांचा दावा कायद्याच्या पुस्तकात छापून आला, अर्थातच त्याच शीर्षकाने. महाविद्यालयांतून ‘बालकांचा सन्मान’ या विषयावर त्यांची व्याख्याने होऊ लागली. शीर्षक वाचून दाखवताना ते किंचित थांबत, हशा ओसरू देत आणि मग गंभीर होत. अशातच एका मासिकाने या दाव्याची गोष्ट लिहून मागितली. कोणाचे मन दुखवायचे नाही, म्हणून मुलीची परवानगी घ्यायला ते जातीने चष्म्याच्या दुकानात गेले.

चष्मेवाले आत काचा घासत होते. मुलगी गल्ल्यामागे बसून मऊ फडक्याने चष्मे पुसत होती. वकीलसाहेबांनी तिला हाक मारायला तोंड उघडले, तर जिभेवर एकच नाव आले. त्यांनी ते गिळले. खरे नाव आठवून पाहिले, पण ते काही सापडेना. ते बहुधा पाकिटातच होते.

“बाळ,” ते म्हणाले, “तुझ्या दाव्यावर लिहायचं म्हणतोय. तुझी हरकत नाही ना?”

“लिहा. पण ते नाव घालायचं नाही.”

“अगं, मग वाचणार कोण?”

“वाचतील ना,” मुलगी म्हणाली. “शेवटपर्यंत वाचतील. आता येईल, मग येईल, म्हणून वाचत राहतील.”

“आणि नाहीच आलं तर?”

“तर चिडतील. एकमेकांना विचारतील, काय हो असेल ते नाव?” तिने एक चष्मा उजेडात धरून काच पाहिली आणि पुन्हा पुसायला घेतली. “माझं नाव काय, ते कुणी नाही विचारणार. तुम्ही तरी कुठे विचारलंत?”