लोडसाहेबांचा गालिचा

बाबारावांनी बटण दाबलं, मशीन एकदा डरकाळलं आणि पुन्हा मुकं झालं. सकाळपासून उडालेला हा तिसरा फ्यूज.

"तुमी तं म्हने लोड बसते," त्यांच्या बायको कांताबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या.

"बसते. मशीनच नाजूक हाय."

बाबारावांनी बाभुळगावच्या वीज कार्यालयात तीस वर्षं वीजबिलांचे गठ्ठे बांधले होते. वायरला हात लावायचा प्रसंग नोकरीत एकदाही आला नाही, म्हणूनच विजेबद्दलची त्यांची मतं पक्की होती. गल्लीत कोणी मिक्सर आणला तरी हे दारात हजर : "लोड बसते का?" म्हणजे वायरला तेवढा भार झेपतो का. गल्ली त्यांना लोडसाहेब म्हणायची, आणि त्यांना तो मान वाटायचा. गेल्या वर्षी शेजारच्या जफर मिस्त्रीच्या वेल्डिंग मशीनवर त्यांनी लेखी तक्रार ठोकली होती. गल्लीची लाइट त्याच्यामुळेच जाते म्हणून.

आणि आता नेमका त्याच जफरच्या घरचा गालिचा त्यांच्या हॉलमध्ये पसरला होता. रविवारी लेकीला, दीपाला, पाहायला पुसदचे पाहुणे आले, तेव्हा हॉल भारी दिसावा म्हणून कांताबाईंनी तो जफरच्या आईकडून, हुस्नाबींकडून मागून आणलेला. पोरगी पसंत पडली. पण मुलाच्या मामानं तिसऱ्यांदा पोहे घेताना पोह्यांवर घ्यायची वाटीभर तेलकट तर्री त्या तपकिरी गालिच्यावर सोडली. डाग भाकरीएवढा. उद्या हुस्नाबींकडे त्यांच्या नातीचे, निलोफरचे पाहुणे, म्हणजे गालिचा आज संध्याकाळी परत हवा.

"जाऊन सांगून द्या ना सरळ," कांताबाई म्हणाल्या.

"ज्याच्यावर अर्ज केला, त्याच्यापुढं मान खाली घालू?"

म्हणून यवतमाळहून हे गालिचे धुण्याचं मशीन भाड्यानं आलं होतं. दोन हजार वॅटचं, त्याची पिन अंगठ्याएवढी जाड. बाबारावांनी ती कापून बारीक पिन बसवली. पहिला फ्यूज उडाल्यावर कूलर बंद केला. दुसऱ्यानंतर फ्रीज. आता तिसऱ्यानंतर त्यांनी प्लगमधली डासांची वडी काढली, आणि वर भिंतीवरच्या घड्याळातला सेलही काढून ठेवला.

घर बांधताना वायरिंग जफरनंच केली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "साहेब, हॉलले मोठ्या पिनची लाइन अलग टाकू."

"तू मले बिजली शिकवतं काय?" असं म्हणून साहेबांनी सगळं घर एकाच सुताएवढ्या वायरवर टांगलं होतं.

चौथ्या वेळी त्यांनी फ्यूजमध्ये सायकलच्या ब्रेकची तार घातली. "आता उडाला तं मिशी उतरवतो," ते म्हणाले.

मिशी वाचली. फ्यूज जागचा हलला नाही. त्याऐवजी बोर्डामागची भिंत चर्र बोलली, कोपऱ्यावरच्या, गल्लीला वीज देणाऱ्या डीपीत धडाका झाला आणि मे महिन्याच्या भर दुपारी गल्लीतल्या अकरा कूलरांनी एकदम प्राण सोडले. माणसं बनियनवर बाहेर आली.

"जफरचंच काम असन," कोणीतरी म्हणालं.

बाबाराव दार अडवून उभे राहिले. "मी तं मागच्याच वर्षी लेखी देलं होतं."

"मशीन तं मी तवाच मेव्हण्याकडं मारेगावले धाडलं, साहेब," गर्दीमागून जफरच बोलला. नुकताच बाजारातून येत होता. "पन तुमच्या खिडकीतून हा धूर कायचा?"

अख्ख्या गल्लीनं माना वळवल्या.

जफर आत शिरला. त्यानं मेन बंद केला, फ्यूज ओढला आणि ब्रेकची तार बाबारावांच्या तळहातावर ठेवली. मग त्याची नजर गालिच्यावर गेली. तो उकिडवा बसला आणि त्यानं डागावरून बोट फिरवलं. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या होत्या.

"जफरभाऊ," बाबाराव म्हणाले. हे 'भाऊ' त्यांच्या तोंडून वीस वर्षांत पहिल्यांदा निघत होतं. "तर्री सांडली."

"मंग सांगाचं होतं ना. अम्मी बडबडली असती, अजून काय."

लाइनमन येऊन डीपी सुरू करेपर्यंत दोन तास गेले. तेवढ्यात जफरनं मीटरपासून हॉलपर्यंत जाड वायरची वेगळी लाइन ओढली, मशीनला मोठी पिन लावली. यावेळी मशीन जे सुरू झालं ते थांबेना. दहा मिनिटांत डाग गायब.

"मी म्हनत नव्हतो, लोड बसते?" बाबारावांनी मिशीवरून हात फिरवला.

इतक्यात हुस्नाबी आल्या. चष्मा लावून वाकल्या. "बाबारावभाई, ये लाल डाग कायचा?"

बाबारावांनी पाहिलं. तपकिरी गालिच्याच्या मधोमध भाकरीएवढा भाग डाळिंबासारखा लालभडक झाला होता. गालिचा मुळात लाल आहे, हे खुद्द हुस्नाबीही विसरल्या होत्या.

"डाग नाही, हुस्नाबी," बाबाराव म्हणाले. "तेवढं साफ झालं."

"मंग बाकीचा?" हुस्नाबींनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. "अब पूरा करो. नाही तं पाहुणे म्हनतीन, यांनी कधी धुतलाच नाही."

दोन तास कूलरविना भाजलेली गल्ली दारात उभीच होती. ती पांगली, आणि जो तो आपापली सतरंजी, चादर, पायपुसणं घेऊन परत आला. बाबाराव गुडघ्यांवर बसले. घाम मिशीतून ठिबकू लागला. त्यांनी कूलरच्या बटणाकडे हात नेला.

"नका, साहेब," जफर म्हणाला. "कूलर नाही चालत सोबत. लोड नाही बसत."

नव्या लाइनमुळे कूलर आता खुशाल चालला असता, हे जफरला ठाऊक होतं. बाबारावांना नव्हतं. आणि तीस वर्षांच्या नोकरीनंतर ते विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

त्यांनी हात मागे घेतला आणि पुढची सतरंजी ओढली.