शिगवणांचा बार

शिगवण रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला जेवायचे. बाहेर कुवेतचं ऊन रणरणत असायचं, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि हा माणूस हातपाय धुऊन, ताट वाढून, मांडी घालून भात कालवायला बसायचा. बरं, दुपारचं जेवण लांबलं म्हणावं, तर तेही नाही. दोनला दवाखाना सुटला की चारचौघांसारखे जेवायचे आणि साडेचारला पुन्हा. मग रात्री नुसता चहा-पाव. आमची धाकटी एकदा त्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, "अंकल, धिस इज टी टाइम." शिगवण म्हणाले, "तुझा असंल." आणि भातावर आमटी ओतून घेतली.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं ती. रिग्गईत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. आम्ही वर, ते खाली, दोन मल्याळी मुलांबरोबर एका फ्लॅटमध्ये. अर्दियाच्या बाजूला एका दवाखान्यात मी नर्स आणि ते एक्स-रे टेक्निशियन. मी सांगलीची, तोंडाने फटकळ. ते खेडकडच्या एका वाडीतले, चाळिशीचे, एकटे. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "आता कुठं, वेळ गेली." आणि विषय बदलायचे.

दुसरं खूळ त्या 'बार'चं. पेशंटला मशीनपुढे उभा करायचे, "दम धरा" म्हणायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "झाला बार." म्हाताऱ्या कुवेती बायकासुद्धा हे शिकल्या होत्या. बुरखा सावरत त्याच विचारायच्या, "बार?" शिगवण मान डोलवायचे, की त्या निघाल्या. पगार झाला, झाला बार. विमानाचं तिकीट मिळालं, झाला बार. मी एकदा वैतागून म्हटलं, अहो, तुम्ही बंदुकीच्या कारखान्यात जन्मलात की काय! तेव्हा कुठे त्यांनी बापसाची गोष्ट सांगितली.

त्यांच्या बापसाकडे एकनळी बंदूक होती. शेतीच्या राखणीची, परवान्याची. घराच्या वर डोंगरात त्यांची काजू-फणसाची बाग. माकडं आणि रानडुकरं काही ठेवायची नाहीत. बापूस दिवसभर वर राबायचा आणि दिवेलागणीला हवेत एक बार काढून खाली यायला निघायचा. तो बार माकडांसाठी होता खरा, पण तो खाली घरात त्यांच्या आयसलाही ऐकू जायचा. बार झाला की ती चुलीवर भात ठेवायची. बापूस उतरून, हातपाय धुऊन येईस्तोवर भात तयार. सगळा जन्म असा गेला. त्या घरात कुणी घड्याळ घेतलंच नाही.

शिगवण कुवेतला असताना बापूस गेला. हे पोचले तेव्हा दिवसही होऊन गेले होते. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झालेली, कारण परवाना बापसाच्या नावावर आणि बापूस तर नाही. आयस एकटी. नातेवाइकांकडे जायला तयार नाही आणि इकडे कुवेतला यायचं तर नावच काढू नका. डुकरं खळ्यापर्यंत यायला लागली होती. पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. बार झाला नाही की संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही, म्हणायची. नुसती बसून राहायची. जेवायचीही नाही धड.

म्हणून शिगवण बंदूक स्वतःच्या नावावर करून घ्यायला तालुक्याला गेले. तिथल्या साहेबानं सरळ विचारलं, तुम्ही राहता कुठे? हे म्हणाले, वाडीत. रेशनकार्ड बघू. आता यांचा शहाणपणा बघा. परदेशी जाताना लोक घरातलं मेलेलं माणूसही कार्डावर ठेवतात, आणि यांनी स्वतःहून जाऊन आपलं नाव कमी करून घेतलं होतं, उगाच सरकारची साखर कशाला खायची म्हणून! साहेब म्हणाला, परवाना इथं राहून शेती राखणाऱ्याला मिळतो, तुम्ही कुवेतचे. कुणी वारस इथं राहायला आला तर बघू, नाहीतर काही दिवसांनी बंदूक सरकारजमा होईल. घरी राहावं तर पैसे पाठवणार कोण, घराला कौलंही याच पगारातून चढलेली. रजा संपली आणि शिगवण परत आले.

मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की कायमचं घरी परतणाऱ्याला परदेशातली एक बंदूक नेता येते, फक्त ती तिकडे वर्षभर आपल्या ताब्यात असायला हवी. झालं. शिगवणांचं चक्र सुरू. इथं बंदूक घ्यायची, वर्षभर सांभाळायची, मग नोकरी सोडून तिच्यासकट घरी. दवाखान्यातल्या सगळ्यांना सांगून झालं. मी म्हटलं, अहो, आपण इथं इकाम्यावर राहणारी माणसं, पासपोर्टावरचा तो शिक्का दर वेळी संपत आला की आपला जीव टांगणीला लागतो, आणि तुम्हाला बंदूक कोण देणार? ऐकतील तर शिगवण कसले.

एका गुरुवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या दारात उभे राहिले. माझ्या नवऱ्याला अरबी बरं यायचं, म्हणून त्याला न्यायचं होतं. मीही गेले, म्हटलं बघूया तरी. शहरातल्या जुन्या बाजारात शिकारीच्या सामानाचं दुकान. मालक म्हातारा कुवेती, बोलायला फार गोड. चहा मागवला. शिगवणांनी एक बंदूक नुसती हातात मागितली. त्यांनी ती खांद्याला लावली आणि मी बघतच राहिले. दवाखान्यात पोक काढून वावरणारा माणूस ताठ उभा होता. म्हातारा खूश झाला, दोघं खुणांनीच रानडुकरांविषयी बोलले. मग त्यानं कागद मागितले. शिगवणांनी पासपोर्ट उघडून इकाम्याचं पान पुढे केलं.

म्हाताऱ्यानं ते बघितलं, पासपोर्ट अलगद मिटला आणि दोन्ही हातांनी परत दिला. "माफी, सदीक," म्हणाला, म्हणजे नाही जमायचं, दोस्ता. बाकीचं तो माझ्या नवऱ्याशी बोलला, आणि नवऱ्यानं मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, इकाम्यावर इथं राहता येतं. बंदूक घ्यायची तर इथलं असावं लागतं." शिगवणांनी बंदुकीवर उमटलेले आपल्या बोटांचे ठसे रुमालानं पुसले आणि ती परत ठेवली. म्हाताऱ्यानं त्यांना आणखी एक चहा पाजला. त्यालाही वाईट वाटलं होतं.

टॅक्सीनं परत निघालो. राई भागातली गॅरेजं मागे पडली तेव्हा शिगवण हळूच म्हणाले, "सिस्टर, तिकडं बोलले, तुमी कुवेतचे. इकडं बोलले, तुमी हिंदी. मग मी राहातो तरी कुठं?"

"रिग्गईत, दुसरं कुठं," मी म्हटलं. माझ्या तोंडाला लगाम कधीच नव्हता. पण कुणी हसलं नाही, आणि मलाही ते बोलून बरं वाटलं नाही.

काही महिन्यांनी गावाहून कळलं, बंदूक सरकारजमा झाली. शिगवणांनी ते मला एक्स-रेच्या काळोख्या खोलीत सांगितलं, ओली फिल्म चिमट्याला अडकवता अडकवता. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडचा 'बार' बंद झाला. म्हाताऱ्या बायका विचारायच्या, हे नुसती मान डोलवायचे.

मग रमजान आला. मावळतीला तोफ होते आणि लोक रोजा सोडतात. टीव्हीवर ती दाखवायचे. एका संध्याकाळी तोफ झाली आणि खालून शिगवणांची हाक आली, "सिस्टर, बार!" मी धावत गेले. त्यांना ताप वगैरे चढला की काय, वाटलं. ते टीव्हीपुढे नवा टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. तेव्हा आम्ही सगळेच घरी पत्रांऐवजी कॅसेट पाठवायचो, त्यात नवल नव्हतं. यांनी तोफच भरून पाठवायची ठरवली होती.

पहिली कॅसेट फसली. आयसनं उलट निरोप भरून पाठवला, की बाराच्या आधी तो बाप्या काय बडबडतो, त्याला गप कर. तो बिचारा टीव्हीवरचा निवेदक. मग शिगवण पुढच्या रमजानात, भर उन्हाळ्यात, टेपरेकॉर्डर पिशवीत घालून रोज बसने शहरात, थेट तोफेपाशी जायला लागले. उपास नाही, तापास नाही, आणि रोजेदारांच्या पोराबाळांत हा आपला उभा! लोक त्यांना खजूर द्यायचे. कधी नुसतंच 'फट्' यायचं, कधी कुणाचं पोर मधेच रडायचं. शेवटी एक बार मनासारखा मिळाला, मागे लगेच बांग सुरू झालेली. तेवढीच कॅसेट घरी गेली. "बांग चालंल," म्हणाले. "आमच्या वाडीखालीच मोहल्ला हाय. बार झाला की बांग, हे तिच्या वळणाचंच हाय."

त्या वर्षी मी रजेवर गेले तेव्हा विमानतळावरून थेट रत्नागिरीला नणंदेकडे जायचं होतं. वाटेत शिगवणांचं सामान पोचवायला वाडीत थांबले. आयस एवढीशी, वाकलेली, पण डोळे लखलखीत. मला संध्याकाळची एसटी गाठायची होती, ती मात्र उठू देईना. दिवे लागायच्या वेळी तिनं टेपरेकॉर्डर पंच्यातून सोडवला, पडवीत ठेवला आणि बटण दाबलं. कुवेतच्या गर्दीचा गलका, एक मूल आईला "मामा, मामा" करतंय, आणि मग बार. मागून बांग. फणसावर चार माकडं बसली होती, ती जागची हललीसुद्धा नाहीत.

मी हसले. आयसही हसली. "त्यांना तो आता पाठ झालाय," म्हणाली आणि उठून आत गेली. चुलीवर भात ठेवून तिनं दोन ताटं पुसून मांडली. मी म्हटलं, आजी, माझ्यासाठी नका टाकू, माझी गाडी जाईल.

"तुझा नाय गो. माझ्या लेकाचा, पांडूचा हाय."

माझ्या चेहऱ्याकडे बघून तीच पुढे म्हणाली, "मी काय येडी झालेली नाय. लांब हाय तो, माहीत हाय मला. पन बार झाल्यावर एकच ताट मांडायचं, बरं नाय दिसत. त्याचा भात मी सकाळी जेवते." मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "त्याला नको सांगू. उगाच जीवाला लावून घेल."

एसटीत मी सांगलीपासून कुवेतपर्यंतच्या सगळ्या सरकारांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि पदरानं डोळे पुसले.

परत आले त्या दिवशी कोकमं आणि सुकट द्यायला मी शिगवणांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, माकडं पळतात का? मी खरं तेच सांगितलं. ते इतके हसले की मल्याळी मुलं बघायला आली. मी दोन ताटांचं बोलणार नव्हते, आयसला तसा शब्दच दिला होता. पण माझं तोंड ते! सांगून टाकलं.

शिगवणांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, उठले, मोरीत हातपाय धुतले, भाताचं पातेलं उतरवलं आणि मांडी घालून बसले. साडेचार वाजले होते. भारताचं घड्याळ इथल्या अडीच तास पुढे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तिकडे आता सात वाजलेत, बार होऊन गेलाय, भात उतरलाय आणि आयस आता ताटावर बसली असेल, हे मला इतक्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

"हे तिला कधी सांगितलंत का?" मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय?" शिगवण भात कालवत म्हणाले. "आयस जेवते, मी जेवतो."

मी मांडणीवरनं एक ताट काढलं आणि त्यांच्यासमोर बसले. भूक मुळीच नव्हती, पण जेवले.