आधी रेडा तपासा

आमच्या शेजारचे दगडूतात्या कुणालाही भेटले की आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. चेहरा बघायला नव्हे, दात बघायला. "दात दावा की मास्तर!" हा त्यांचा रामराम. गारगोटीकडे गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून काढल्यावर माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. मंगळवार पेठेत राहायला येऊन त्यांना आठ वर्षं झाली, तरी गल्लीत कुणाला ताप आला की अजून विचारतात, "रवंथ करतंय का?"

गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझी बायको मेघा, आता मूल हवं असं ठरवून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, आधी तीन महिने तयारी करा. मेघाला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणि रक्त, साखर, थायरॉइडच्या तपासण्या. मला तंबाखूचा मावा बंद, वजन कमी आणि वीर्याची तपासणी. हे कुणालाच सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. पण मेघाने ते तात्यांच्या बायकोला, हौसाकाकूंना, सांगितलं आणि संध्याकाळी तात्या दारात हजर.

"शाबास! म्हस रेड्याकडं न्यायच्या आधी तीन म्हैने खुराक लागतोय. माणसं मातर उठली की सुटली!"

मेघा पदर तोंडाला लावून आत पळाली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी जुन्या दवाखान्यातलं एक कोरं कार्ड आमच्या फ्रिजवर चिकटवलं. 'जनावराचे नाव' यापुढे माझं नाव, 'जात' यापुढे 'हायस्कूल मास्तर', आणि 'स्वभाव' यापुढे 'आळशी, पण मारका न्हाय'. ते कार्ड बघून माझ्या सासूबाई दोन दिवस हसत होत्या.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला वाटीभर मोड आलेली मटकी आणि चार खारका घेऊन तात्या दारात उभे. कोडोलीच्या शाळेला जायला मी मोटारसायकल काढली की आधी माझे खिसे तपासायचे. एकदा मी माव्याची पुडी हेल्मेटात लपवली. तात्यांनी हेल्मेट हुंगलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "ह्यो गडी बाप व्हणार! खातोय कचरा, आन वासरू पायजे झ्याक!" त्या दिवसापासून मावा सुटला. लाजेने सुटला, पण सुटला.

फक्त सोमवारी तात्या येत नसत. खुराकवेड्यालाही आठवड्याची सुट्टी लागत असेल, अशी आम्ही समजूत करून घेतली होती.

तीन महिने होत आले. मेघाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, हिमोग्लोबिनही वर आलं. राहिली एकच, माझी. आज पेपर तपासायचेत, उद्या पालकसभा आहे, असं करत मी ती पुढे ढकलत होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एका रविवारी संध्याकाळी तात्यांनी विचारलंच. मी छाती काढून म्हणालो, "मला काय धाड भरलीय तात्या? तुमची मटकी खाऊन घोडा झालोय."

वाटलं, आता शिव्या बसणार. पण तात्या पायरीवर बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"मी बी असंच म्हणालतो मास्तर. बारा वर्सं. म्हस गाभण ऱ्हाईना, की लोकांच्या गोठ्यात ठणकावून सांगायचो, आधी रेडा तपासा. आन घरात? हौसाला सोमवार धरायला लावलं. माझी आई तिला न्हाय न्हाय ते बोलायची, आन मी गप जेवत बसायचो. बाराव्या वर्सी तपासून घेतलं. दोष माझ्यात हुता."

"उद्या सकाळी जाऊ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, सोमवार असूनही, तात्या इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार. दोघं लॅबबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. मेघाने पोह्यांचा डबा दिला होता. मी तो उघडून त्यांच्यापुढे केला. तात्यांनी हात आडवा केला.

"आज सोमवार हाय."

"तुम्ही आणि उपास?" मला हसूच आलं. "मग खुराकाचं काय?"

"माझा रिपोर्ट आला, त्या दिवशी हौसाला म्हटलं, तुझं सोमवार बंद. आन मी धरलं. आजून धरतोय."

"देवाकडे मागता तरी काय?"

"मागत काय न्हाय." तात्या समोरच्या भिंतीकडे बघत होते. "तवा तिला भूक कशी लागत असंल, तेवढं कळतंय."

डबा मी झाकून पिशवीत ठेवून दिला. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं गेलं. तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, अगदी गोठ्यातली.

"जावा की मास्तर. मी हाय हितं."