खंडेनवमीचे पेडल

खंडेनवमीच्या सकाळी जोतीरामने ठरवले, की यंदा नातीच्या गिटारचीही पूजा करायची. एवढेच ठरवले. पुढचे जे झाले ते त्याने ठरवले नव्हते.

घरात आठवडाभर सुतक असल्यासारखे होते. मेले कुणी नव्हते. वर्षाराणी पुण्याला जाणार होती, आणि तेही अजून नक्की नव्हते. तिकडच्या एका बँडला गिटार वाजवणारे माणूस हवे होते. आज दुपारी ती मंडळी व्हिडिओ कॉलवर तिचे वाजवणे ऐकणार होती. पसंत पडले तर दसरा झाला की निघायचे. आज्जी बयाबाई पिठात डोळे गाळत होती. आई संयोगिता भांडी आपटत होती. जोतीराम काहीच करत नव्हता. अशा वेळी पुरुषमाणसाने काय करायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते, आणि कुणाला विचारणे त्याच्या स्वभावात नव्हते.

त्याची हयात शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरण्यात गेली. काम म्हणजे धूर, घाम आणि भाजलेले हात. नातीच्या गिटारला त्याने कधी काम म्हटले नाही. आता पोरगी जायला निघाली तेव्हा त्याला वाटू लागले, की जाण्याआधी तिला एवढे तरी कळावे, आज्जाने तुझे काम मानले. हे तोंडाने सांगायला जीभ वळेना. खंडेनवमीला कामाची हत्यारे पुजतात. त्यांच्या शेजारी गिटार मांडली की न बोलता काम होते.

वर्षाराणी अंबाबाईला गेली होती. गिटार सोपी निघाली. अवघड होते ते पायाने दाबायचे डबे. पेडल म्हणतात त्यांना. गिटारची वायर काही डब्यांतून फिरून अॅम्पच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, तोंडात जात होती. बाकीचे डबे अॅम्पच्या पाठीला जोडलेले होते. जोतीरामने सगळे सोडवले, फडक्याने पुसले, हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. परत जोडायची वेळ आली तेव्हा ध्यानात आले, की पुढे कोण आणि मागे कोण हे बघूनच ठेवले नाही.

"अवो, जमंल न्हवं?" बयाबाईने दारातून विचारले.

"भट्टी वतलेल्या माणसाला डबडी जोडाय येत न्हाईत व्हय?"

"तसं न्हाय. वर्षूला फोन लावून इचारा की."

"गप."

मग त्याने फौंड्रीच्या हिशोबाने विचार केला. एका डब्यावर जाळाचे चित्र होते. ती भट्टी. दुसऱ्यांवर लाटा आणि चांदण्या होत्या. हे थंड. हे साचे. साचा आधी भरतात, लोखंडाचा रस शेवटी ओततात. म्हणून लाटा-चांदण्या पुढे, जाळ अॅम्पच्या मागे. एवढे सरळ काम या पोरांनी उगाच अवघड करून ठेवले आहे, असे मनात म्हणून तो उठला. (उठताना गुडघा कळवळला. तेही त्याने कुणाला कळू दिले नाही.)

देवळातल्या गर्दीतून वर्षाराणी धापा टाकत आली तेव्हा तिच्या हातात पुण्याचा फोन वाजतच होता. झेंडू बघून ती थबकली. आज्जाकडे बघितले. पाय लावण्याआधी तिने प्रत्येक डब्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. जोतीरामला भरून आले. ते लपवायला तो खाकरला.

मग तिने पेडल दाबले.

रिकामे पत्र्याचे पिंप घाटातून गडगडत जावे, आणि मागून त्याची सगळी भावकी रडत यावी, असा आवाज आला. पुण्याचा माणूस म्हणाला, "नेटचा प्रॉब्लेम आहे का?" थोड्या वेळाने म्हणाला, "शेजारी बांधकाम चाललंय का?" शेवटी म्हणाला, "कळवतो हां."

फोन बंद झाला.

"वायरींना कुणी हात लावला?" वर्षाराणीने विचारले.

संयोगिता सासऱ्याकडे वळली. "मामंजी, ती जाऊ नं म्हणून तुमी मुद्दाम केलासा व्हय?"

जोतीरामपुढे दोन वाटा होत्या. मला जमले नाही म्हणायचे, नाहीतर मी पाजी आहे म्हणायचे. त्याने वेळ लावला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "मुद्दाम."

वर्षाराणीने आत जाऊन दार लावले. बयाबाईचा चेहरा मात्र खुलला. दुपारी मटणाची नळी आपणहून नवऱ्याच्या ताटात पडली. असे लग्नाच्या वर्षानंतर झाले नव्हते. "शेवटाला डोकं चालवलासा एकदाचं," ती हळूच म्हणाली. जोतीरामने नळी तशीच ठेवली. जे सांगायचे होते त्याच्या बरोबर उलटे त्याने नातीला सांगून टाकले होते. आणि आता माघार घ्यायची तर डबडी जमली नाहीत म्हणावे लागणार होते. तो ताटावरून उठला.

दसऱ्याला तिन्हीसांजेला वर्षाराणी आपट्याची पाने घेऊन आली. त्याच्या हातावर पाने ठेवून पाया पडली.

"आज्जा, त्यास्नी फोन करून परत वाजवून दाखवलं. घेतलं मला. परवा जातो मी."

जोतीरामने पाने मुठीत धरली. "मी एवढं मुद्दाम बिघडवून बी?"

"मुद्दाम बिघडवाय आधी बरोबर कसं असतंय ते ठावं लागतंय. तुमास्नी कुठं ठावं हाय?" ती शेजारी टेकली. "पूजा केलासा, ती कळली मला. बाकीचं ऱ्हाऊ दे."

त्याला हलके वाटले. पण आज्जाला काही येत नाही असे समजून तिने पुण्याला जावे हे काही त्याला सोसेना.

"ठावं हाय मला. चुकून उलटं झालं."

"व्हय? मग चला आत."

आत तिने डब्यांची जागा दाखवली. जाळाचा डबा पुढे, कारण अॅम्पने तो कडक आवाज घेऊन वाढवायचा. लाटा-चांदण्या पाठीमागे, कारण घुमायचे ते तयार आवाजाने. आधी घुमवून मग भाजला तर राडा होतो. मग गिटार घेऊन पेडलवर पाय ठेवून ती म्हणाली, "आता ऐका. आवाज आला का जागंवर, सांगा."

तिने तारा छेडल्या. जोतीरामने डोळे मिटले. मान तिरकी केली. फौंड्रीत ओतलेल्या मालावर हातोडी वाजवून तो पक्का की कच्चा हे ओळखताना करायचा, तशीच.

"आला," तो म्हणाला. "काल कच्चा हुता. आज मागनं कसा भरून येतोय बघ."

वर्षाराणीने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"आज्जा, अॅम्प अजून लावलाच न्हाय मी."