देवीदासरावांचे अकरा अटेंडंट

"ऑपरेशन म्हणजे काय, कटिंगसारखं! गेलो, बसलो, आलो!" देवीदासरावांनी कॉलनीच्या फाटकाशी उभं राहून जाहीर केलं.

"पण भाऊ, संगं कोणी पाहिजे ना? मी येते," शेजारच्या वनमालाताई म्हणाल्या.

"कायले? पियुष येऊन राहिला ना पुण्याहून!"

मग घरात येऊन त्यांनी पियुषला फोन लावला. "तू कायले येतं? सारी कॉलनी येऊन राहिली माह्यासंगं!"

"पक्कं ना बाबा?"

"हव रे! तू आपली नोकरी पाह्य."

अशा रीतीने त्यांनी कॉलनीला मुलगा दाखवला, मुलाला कॉलनी दाखवली आणि स्वतः मधल्या मध्ये एकटे उरले. मनातून त्यांना पियुष हवा होता. बायको, गोदावरी, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर तो एकदाच आला होता, वर्षश्राद्धाला, तेही दोन दिवस. पण त्यानं आपणहून यावं! 'ये' म्हटल्यावर आला तर त्या येण्यात काय राम? देवीदासराव या बाबतीत फार कडक होते.

दुखणं कोपराच्या आतल्या बाजूचं. सिलतऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवून तिथली स्नायूची दोरी झिजली होती. दीड वर्ष पट्टा बांधला, व्यायाम केले, इंजेक्शनं घेतली. तरी पाण्याचा तांब्या उचलला की डोळ्यांत पाणी! शेवटी डॉक्टर म्हणाले, खराब झालेला भाग काढून दोरी हाडाला पुन्हा शिवू. वर आजाराचं नाव सांगितलं, 'गोल्फर्स एल्बो'. ज्या माणसानं आयुष्यात गोट्यांपलीकडे काही खेळलं नाही, त्याला हा आजार व्हावा! त्यांनी ते नाव आठवडाभर कॉलनीत मिरवलं.

ऑपरेशनच्या सकाळी ते पिशवी घेऊन हॉस्पिटलच्या काउंटरवर उभे राहिले.

"अटेंडंट कौन है?" नर्सनं विचारलं.

"मैं ही हूँ."

"और पेशेंट?"

"वो भी मैं ही हूँ!"

नर्सनं पेन खाली ठेवलं. "बाबूजी, बिना अटेंडंट ऑपरेशन थिएटर में नहीं लेंगे. घर से किसी को बुलाइए."

घरी कुलूप होतं! वनमालाताईंना फोन करावा, तर पियुष येतोय हे खोटं उघडं पडणार. देवीदासराव तडक बाहेर आले. त्यांना घेऊन आलेला ऑटोवाला दयाराम अजून फाटकाशी पोहे खात होता. त्याच्या हातात अर्धी प्लेट तशीच, आणि देवीदासरावांनी त्याला काउंटरशी आणून उभं केलं.

"रिश्ता?" नर्सनं विचारलं.

"सुबह से है, मैडम," दयाराम प्रामाणिकपणे म्हणाला. देवीदासरावांनी त्याचा पाय दाबला. "भाई! भाई लिखिए!"

ऑपरेशन झालं, छान झालं. दुपारी हात लाकडासारखा बधिर, पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि देवीदासराव वॉर्डात पडलेले. तेवढ्यात पियुषचा व्हिडिओ कॉल आला!

"बाबा, कसे आहात? आणि सगळे कुठंयत? दाखवा ना!"

"हायेत ना... इथंच हायेत..." देवीदासरावांनी फोन पांघरुणाखाली घातला आणि कासावीस होऊन दयारामकडे पाहिलं. "दयाराम, मेरे को घरवाले चाहिए! अभी!"

दयाराम उठला. वॉर्डात दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक सकाळपासून कंटाळून बसले होते. "दो मिनट आ जाओ भैया, दादा का बेटा देख रहा है!" म्हणताच लग्नाच्या फोटोला जमावेत तसे सगळे जमले. अभनपूरच्या कांताबाई नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन सोडून आल्या आणि येताना मोसंबी घेऊन आल्या. दयाराम धरून अकरा जण झाले! देवीदासरावांनी फोन बाहेर काढून सगळ्यांवरून भरभर फिरवला.

"खा ले भैया, खा ले!" कांताबाईंनी फोड तोंडात कोंबली. कोणी उशी सारखी केली, कोणी पाय चेपले. देवीदासरावांचे पाय कोणी चेपल्याला किती वर्षं झाली होती! त्यांचा गळा दाटून आला. त्यात थोडी मोसंबीही होती.

"पण वनमालाकाकू दिसत नाहीत?" पियुषनं विचारलं.

"ती... चहा आणायले गेली!"

तेवढ्यात नर्स आली. "ये क्या मेला लगा रखा है? एक पेशेंट के पास इतने लोग? चलो, बाहर निकलो सब!"

पियुष खो खो हसला. "बापरे बाबा! तुमचा तर जलवा आहे! मला काळजी वाटत होती म्हणून न सांगता उद्याचं फ्लाइट बुक केलं होतं. आठवडाभराची सुट्टीपण घेतली होती. आता टेन्शन नाही! कॅन्सल करतो. दिवाळीला बघू, हं?"

देवीदासरावांच्या तोंडात फोड तशीच राहिली. अकरा चेहरे कौतुकानं त्यांच्याकडे पाहत होते.

"हव," ते म्हणाले. "कर कॅन्सल."

फोन बंद झाला. मंडळी पांगली, कांताबाई आपल्या नवऱ्याकडे गेल्या. एकटा दयाराम स्टुलावर बसून होता.

"दादा, बोल देते ना, आ जा बेटा."

देवीदासरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"इतने घरवालों के सामने कैसे बोलता?"