टिटवीच्या चौथ्या अंड्याची मोहीम

स्वस्ति. शके १९४७, वैशाख वद्य पक्षी, नांदगाव खंडेश्वराकडील एका वावरात जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत पुसिली, ती यथास्थित लिहिली. पदरचे अक्षर घातले नाही, हीच या दरबारी मोठी अपूर्वाई.

बडनेऱ्याच्या विज्ञानशिक्षिका, निरीक्षणधुरंधर मंजुषाबाई यांणी बावीस वर्षे पोरांस 'आधी पाहा, मग लिहा' ऐसा हुकूम फर्माविला होता. त्या अमरावतीच्या निसर्गवही मंडळात दाखल जाहल्या. मंडळाचा कायदा सक्त: चित्र जागेवर, शाईने, खोडणे हराम, पान फाडणे त्याहून हराम. मग बाईंनी टोपी, रंगपेटी, घडीचे स्टूल ऐसा सरंजाम घेऊन कूच केले आणि त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टिटवीचे घरटे दिसताच वीस पावलांवर तळ दिला. आणि टिटवी चार अंडी घालते हे ग्रंथांतरी मुखोद्गत असल्याने एका नजरेत चार ठिपकेदार अंडी पानावर कायम केली.

वर्तमान कळताच वावराचे धनी महादेवराव धावत आले. टिटवीची अंडी जितकी, पाऊस तितके महिने, हे त्यांचे वेधशाळाशास्त्र. "चार! म्याडमनं लिवून देल्लं, आता चार मयने पाणी!" ऐसे गर्जोन त्यांनी पानाचा फोटो गावभर रवाना केला. बाई अंधश्रद्धेवर व्याख्यान योजीत होत्या, इतक्यात रावांचे कुटुंब पार्वताबाई घरट्यात डोकावल्या आणि टिटवी आक्रोश करीत उडाली.

"काहून लोकायले फसवून राहिले? तीनच हायेत. थो गोटा हाय, गोटा!"

बाईंनी दुर्बीण लाविली. गोटाच. अंधश्रद्धेने चार म्हटले आणि विज्ञानानेही न मोजिता चारच म्हटले, ही युती पाहोन बाईंनी योजिलेले व्याख्यान गुंडाळिले.

महादेवराव काकुळतीस आले. "राहू द्या ना म्याडम, एक मयना कायले कापता?"

पान तैसेच ठेवावे, तर मंडळात वाहवा आणि गावी संतोष. दुरुस्त करावे, तर बावीस वर्षांची अब्रू पक्क्या शाईत बुडते. बाईंनी बराच वेळ मसलत केली, एकटीनेच. मग कलम उचलिले आणि चौथ्या अंड्यास बाण मारोन लिहिले: 'हा गोटा. न मोजता काढला. शोध: पार्वताबाई.' महादेवरावांचा सप्टेंबर तत्क्षणी खालसा जाहला.

मंडळी हटताच टिटवी परतली आणि अंड्यांसह गोट्यासही पोटाखाली घेऊन बसली. बाईंनी तेही नमूद केले. सत्याची फत्ते जाहली, ती येणेप्रमाणे: अंडी तीन; गोटा एक; टिटवीचे म्हणणे, चार.