फळी रेषेत आहे!

“ही फळी माझ्याआधी पडायची नाही!”

मोजणीदारांनी ही घोषणा केली तेव्हा ते माळ्यावरच्या खोलीत उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर, छताला, परातीएवढा ओला डाग होता. डाग फळीमुळे पडला, असे बायकोचे म्हणणे. डाग हवेमुळे पडला, असे मोजणीदारांचे. हवेला साक्षीसाठी बोलावता येत नाही, ही त्यांच्या युक्तिवादाची मोठीच सोय होती.

फळी म्हणजे वळचणीची फळी. कौलांखालचे वासे जिथे संपतात तिथे त्यांची उघडी टोके झाकून, घराच्या दर्शनी बाजूला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जी लांबलचक लाकडी पट्टी ठोकलेली असते, ती. पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ तिच्याच अंगावर लटकते. घरात येणाऱ्या पाहुण्याला ती दिसत नाही आणि घरात राहणाऱ्याला ती आठवत नाही. मोजणीदार मात्र तिला विसरले नव्हते. दर वर्षी पाऊस सरला की काठीला बांधलेल्या ब्रशाने ते तिला समोरून तेलरंगाचा एक हात देत. मागच्या बाजूला काय चालले आहे, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. मागची बाजू रस्त्यावरून दिसत नसे.

“अहो, रविवारी ती येणार आहे खोली बघायला,” बायको म्हणाली. “डागाखाली झोपवणार आहात का पोरीला?”

ती म्हणजे लेक. तीन वर्षांच्या संसारानंतर ती नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि आता कुठे राहायचे, याचा विचार करत होती. एक भाड्याची खोली तिने पाहून ठेवली होती. दुसरी होती ही, आईबापाच्या घरातली, खिडकीशी शिवणयंत्र ठेवता येईल अशी. तिने इथेच यावे म्हणून बायको महिनाभर देवापुढे बसावे तशी फोनपुढे बसलेली असे. मोजणीदारांनाही तेच हवे होते. पण हवे आहे असे म्हणणे म्हणजे बाजू कमकुवत असल्याची कबुली, असे ते मानत.

“सुताराला बोलावते,” बायको म्हणाली.

“कशाला? फळी रेषेत आहे!”

“रेषेत असेल. पण कुजली आहे.”

“कुजलेली वस्तू रेषेत राहत नाही. हा साधा नियम आहे.”

“कुणाचा?”

“वस्तूचा!”

यावर बायको काही बोलली नाही. तिचे न बोलणे मोजणीदार नेहमीच आपल्या बाजूच्या निकालात जमा करीत.

आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी जपून ठेवलेली एकच गोष्ट म्हणजे तिवईवरची दुर्बीण. वर्षातून एकदा ते ती समोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या अंगणात मांडत, तिच्या आडव्या रेघेला फळीची खालची कड लावत आणि वहीत लिहीत: फळी रेषेत आहे. पंधरा वर्षांच्या पंधरा नोंदी! एखाद्या राज्याचा इतिहासही इतका एकमताने लिहिला गेला नसेल.

शनिवारी सकाळी त्यांनी दुर्बीण मांडली. डॉक्टर दात घासतच बाहेर आले.

“काय मोजणीदार, सोळावी नोंद का?”

“उद्या लेक येतेय. तिला दाखवायला पुरावा हवा.”

“पुरावा कशाला? खोली दाखवा.” डॉक्टरांनी चूळ भरली. “आणि एक सांगू का? किडलेला दातही बाहेरून पांढराशुभ्र दिसतो हो. रांगेतही असतो.”

“दाताला वासे नसतात,” मोजणीदार म्हणाले आणि डोळा दुर्बिणीला लावला.

फळी रेषेत होती. केसभरही ढळली नव्हती! पण तिच्यावर तीन ठिकाणी काहीतरी चकाकत होते. मोजणीदारांनी काच पुसली, पुन्हा पाहिले. तारा! फळीला पोटाखालून वेढा घालून कौलांखाली शिरलेल्या तीन नव्या कोऱ्या तारा! केबलवाल्याने आपल्या घराचा खांब केला, हे त्यांच्या तत्काळ ध्यानात आले. अर्ज, स्मरणपत्र आणि तक्रार अशा तीन मसुद्यांची पहिली वाक्ये त्यांच्या डोक्यात तिथेच तयार झाली.

घडले होते ते वेगळेच. दोन वर्षांपूर्वी, मोजणीदार पेन्शनरांच्या सभेला गेले असताना, बायकोने गुपचूप सुताराला बोलावले होते. सुताराने फळीच्या मागे बोट घातले, तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले. “वहिनी, ही आजच काढू,” तो म्हणाला. “ते काढू देणार नाहीत,” ती म्हणाली. “मग निदान बांधतो. नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात जाईल.” म्हणून त्याने तीन तारांनी फळी वाशांना आवळली आणि वर फळीचाच रंग फासला. गेल्या वर्षीही तेच केले. यंदा तारा नव्या घातल्या, पण रंगाचा डबा वाळून दगड झाला होता. मोजणीदार ज्या रेषेची वहीत नोंद करत होते ती, निदान दोन वर्षे तरी, बायकोने तारेने ओढून धरली होती.

हे तिने सांगायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल. तिनेही ते कितीदा तरी ठरवले होते. पण मोजणीदारांना काही सांगायचे म्हणजे आधी मुद्दा मांडा, मग पुरावा द्या, मग आक्षेप ऐका. एवढ्या वेळात तिचा स्वयंपाक होत असे.

रविवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली आणि मोजणीदार पक्कड घेऊन शिडीवर चढले. पहिली तार, कट्! दुसरी, कट्! तिसरी जरा चिवट निघाली. तिने फळीचा एक टवका उचलला आणि आतून कॉफीच्या भुकटीसारखे काहीतरी त्यांच्या बाहीवर सांडले. “धूळ,” मोजणीदारांनी निर्णय दिला. फळी जागच्या जागी राहिली. पंधरा वर्षांचा तेलरंग तिला कवचासारखा धरून होता; लाकूड आतून केव्हाच निघून गेले होते.

दहा वाजता लेक आली. रिक्षातून तिने सर्वांत आधी शिवणयंत्र उतरवले. ते पाहून दारातल्या बायकोचे डोळे असे काही लकाकले, की खोली बघण्याचा प्रश्न जणू संपलाच! यंत्र आणले म्हणजे पोरीने मनातल्या मनात मुक्काम टाकला होता.

“आई, हे जड आहे. तात्पुरतं इथे भिंतीशी ठेवू?”

“ठेव ठेव. मी वर जाऊन खिडक्या उघडते, वारा खेळू दे जरा.” आणि बायको जिन्याने अशी चढली, की तिचे गुडघे दुखतात ही बातमी कुणालाच खरी वाटली नसती.

लेकही मागोमाग निघाली होती. मोजणीदारांनी तिला हटकले.

“आधी इकडे ये. रस्त्यावर उभी राहा. ती फळी बघ.”

“बाबा, खोली बघू दे ना आधी.”

“खोलीचा प्रश्न फळीचाच प्रश्न आहे! तुझी आई म्हणते फळी कुजली. तू ये, डोळा लाव. डॉक्टर, तुम्हीही या!”

“मी इथूनच पाहतो,” डॉक्टर फाटकाआडून म्हणाले. माणूस अनुभवी होता.

“बाबा, मी थकलेय हो. मला फक्त एक खोली हवी आहे.”

“तेच सांगतोय! अगदी कडेकडेने बघत जा. या टोकापासून…”

लेक नाइलाजाने भिंतीकडे दोन पावले सरकली. वर बायको खिडकीशी झटत होती. ओल धरून फुगलेले दार उघडेना. तिने तळव्याने एक धक्का दिला, दोन दिले, आणि तिसरा दिला तो साऱ्या संसाराचा राग एकवटून दिला.

खिडकी उघडली आणि फळी सुटली.

ती एकदम पडली असती तर निदान रुबाब तरी राहिला असता. ती आधी डाव्या टोकाला झुकली, मग मधोमध कागदी डब्यासारखी दुमडली आणि मग पन्हळीला कवेत घेऊन खाली आली. पन्हळीत दोन वर्षांचा पालापाचोळा, त्याचा काळा चिखल आणि परवाच्या पावसाचे पाणी होते. ते सगळे, मापात जराही कमी न भरता, शिवणयंत्रावर ओतले गेले. उरलेले लेकीच्या केसांवर, कपाळावर, खांद्यावर. फळीचा एक तुकडा तिच्या दंडाला खरवडून गेला. वर वाशांची काळी टोके उघडी पडली. त्यांतले एक टोक हळूच गळून मागोमाग खाली आले.



ही वेळ कोणत्या वाक्याची होती, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळले असते. मोजणीदार म्हणाले,

“तारा कापायच्या आधी ती रेषेत होती!”

वरून, नुकत्याच उघडलेल्या खिडकीतून, बायकोचे डोके बाहेर आले.

“तारा कापल्यात?”

“म्हणजे तुला त्या माहीत होत्या?”

“मीच बांधवून घेतल्या होत्या!”

“मग माझ्या नोंदी?” मोजणीदारांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. “दोन वर्षांच्या नोंदी खोट्या ठरल्या!”

लेक चिखलातून डोळे पुसत होती. “बाबा,” ती म्हणाली, “मला लागलं का, ते विचारा.”

“ते दिसतंय ना मला. खरचटलंय फक्त.”

एवढे बोलून त्यांचे त्यांनाच काहीसे चुकल्यासारखे वाटले, पण नेमके कोणते विधान चुकले ते सापडेना.

लेकीने यंत्राचे चाक फिरवून पाहिले. ते अर्धा फेरा फिरले आणि दातओठ खाऊन थांबले. ती रागावली नाही, रडली नाही. तिने ओढणीने यंत्राचा माथा पुसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तीन वर्षं मी नेहमी बरोबर असलेल्या माणसाबरोबर राहिले, बाबा. आता पुन्हा नको.”

डॉक्टरांनी रिक्षा बोलावली. मोजणीदार बोलावणार होते. पण ते अजून पडलेल्या तुकड्याची मागची बाजू निरखत होते. आयुष्यात प्रथमच. तिथे लाकूड नव्हते.

दहाच मिनिटांत बायको खाली उतरली. तिच्या हातात पिशवी होती.

“तू कुठे?”

“तिला खोली लावून द्यायला.”

“किती दिवस लागतील?”

“ते मोजू नका,” बायको म्हणाली आणि यंत्राला टेकू देत लेकीशेजारी बसली. रिक्षा वळली. वळणावर दोघींपैकी एक तरी मागे पाहील, असा मोजणीदारांचा अंदाज होता. तो चुकला.

तीन आठवड्यांनी सुतार नवी फळी घेऊन आला. तीन वासे टोकाला कापून जोडावे लागले. भिंतीत वितभर आत ओल गेली होती, छताचा कोपरा उतरवावा लागला. वेळीच फक्त फळी बदलली असती तर अर्ध्या दिवसाचे काम, असे तो तीनदा म्हणाला. मोजणीदार शिडी धरून खाली उभे होते. शिडी धरायला दुसरे कुणी नव्हते.

“साहेब, ऐकून ठेवा,” सुतार वरून म्हणाला. “फळी पुढून नाही, मागून मरते. पन्हळ तुंबली की पाणी मागे उलटतं. वर्षातून एकदा पन्हळ साफ करायची. मागच्या अंगाला हात घालून बघायचं. जिथे बोट रुततं, तिथला तुकडा लगेच बदलायचा. रंग लावून झाकायचं नाही. कळलं?”

मोजणीदारांनी मान हलवली.

सुतार थांबला. हातोडी हवेतच ठेवून त्याने खाली वाकून पाहिले.

“साहेब, तब्येत बरी आहे ना?”

“का?”

“नाही, तुम्ही काहीच बोलला नाहीत म्हणून.”

“बरी आहे,” मोजणीदार म्हणाले. आणि हे विधान खोडून काढायला घरात कुणीच नव्हते.